बालवाडी, अंगणवाडी आणि परदेशचे ऋण : एका शब्दाच्या आधाराने काही विचार

अलिबागच्या उत्तरेस थळ हे गाव आहे. समोर समुद्रात खांदेरीचे बेट, किनाऱ्याला लागून कोळीवाडा, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि अलीकडच्या चार दशकांत त्याच परिसरात उभा राहिलेला खतकारखाना, अशी या गावाची ठेवण आहे. या गावात, आणि एकंदर अष्टागराच्या किनाऱ्यावर, ‘वाडी’ हा शब्द उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम बाग उभी राहते : कुंपण घातलेली, विहिरीच्या पाण्यावर शिंपलेली, घराला लागून असलेली बाग. देशावरील मनुष्याच्या डोळ्यांपुढे त्याच शब्दाने दहा-पाच घरांची वस्ती येते. मोल्सवर्थने आपल्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत या दोन्ही अर्थांची नोंद केली आहे. दोहोंचे मूळ एकच. संस्कृत ‘वाट’, ‘वाटिका’ म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. त्या जागेत झाडे लावली तर बाग होते आणि माणसे राहिली तर वस्ती होते. कोळीवाड्यातील ‘वाडा’ही याच कुळातला.

हा तपशील प्रारंभीच देण्याचे कारण असे की, आज खेड्यापाड्यांतून सर्वतोमुखी झालेले ‘बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’ हे दोन शब्द देशावरच्या अर्थाने घेतले तर काहीसे विचित्र वाटतात, आणि किनाऱ्यावरच्या अर्थाने घेतले तर एकदम उलगडतात. मुलांची वस्ती असा अर्थ लावण्यास ओढाताण करावी लागते. मुलांची बाग असा अर्थ घेतला तर मात्र फ्रीड्रिख फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या संस्थेसाठी योजलेल्या ‘किंडरगार्टन’ या जर्मन शब्दाचे ते अक्षरशः भाषांतर ठरते. हे भाषांतर कोणी जाणून केले की ते सहज घडून आले, हे एका शब्दाच्या साक्षीवरून सांगणे धाडसाचे होईल. तथापि गुजरातीतही ‘वाडी’ म्हणजे प्रामुख्याने बाग, आणि आपल्याकडील बालशिक्षणाची परिभाषा गुजराती-मराठी अशा दुभाषी मंडळींत घडली, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे बागेच्या अर्थाकडे झुकणे भाग पडते. प्रस्तुत लेखात या शब्दांच्या मागे असलेल्या माणसांचा, म्हणजे मराठी मुलखातील बालशिक्षिकांनी परदेशच्या समव्यावसायिकांशी जोडलेल्या संबंधांचा, मागोवा घ्यावयाचा आहे. असा इतिहास लिहिताना ‘पाश्चात्त्य पद्धतीचे भारतीयीकरण’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. तो सोयीचा आहे. पण कोणी काय घेतले, कशाच्या मोबदल्यात घेतले आणि परत काय दिले, हे प्रश्न त्याच्या आड दडून जातात.

फ्रोबेलची बाग जर्मनीबाहेर पडली ती काही अंशी राजकीय संशयामुळे. १८५१ मध्ये प्रशियाच्या शासनाने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेलच्या पुतण्याच्या समाजवादी मतांचा दोष काकाच्या पदरी बांधला गेला असे सांगतात. बंदी उठण्यास १८६० साल उजाडले. तोपर्यंत फ्रोबेल निवर्तला होता आणि त्याच्या परंपरेत तयार झालेल्या स्त्रिया इंग्लंड-अमेरिकेत जाऊन पोहोचल्या होत्या. अमेरिकेत प्रथम जर्मन वसाहतवाल्यांच्या घरांतून, मग बोस्टन येथे एलिझाबेथ पीबडी यांच्या खटपटीने, ही पद्धत रुजली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास पोहोचल्या त्या वेळी हा शब्द अमेरिकन इंग्रजीत घरचाच होऊन गेला होता.

रमाबाईंच्या या प्रवासाचे निमित्त आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ हे होते. तो ११ मार्च १८८६ रोजी झाला. आपल्या चरित्रग्रंथांतून या समारंभाचे वर्णन भरपूर येते. त्यानंतर रमाबाई तेथे का राहिल्या आणि काय शिकल्या, याकडे मात्र त्या मानाने थोडे लक्ष दिले गेले आहे. फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले आणि मराठी शालेय पुस्तकांची माला तयार करण्यास हात घातला. व्याख्याने देत त्या बराच मुलूख फिरल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष होते. या मंडळाने दहा वर्षे वार्षिक साहाय्य देण्याचे पत्करले आणि त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाच्या तिथीस बरोबर तीन वर्षांनी, मुंबईस शारदा सदन उघडले.

व्यावसायिक संबंधांच्या दृष्टीने पाहता हा प्रकार त्या काळास अपूर्व होता. येथे एक शिक्षिका स्वतः परदेशी जाते, तेथील पद्धत वर्गात बसून शिकते, समविचारी मंडळींची रीतसर संघटना उभी करते, आणि हिशेबाची व अहवालाची जबाबदारी पत्करून पैसा आणते. परंतु पैशाबरोबर अट येते. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, हे बोस्टनच्या मंडळाने मान्य केले होते. पुण्या-मुंबईच्या सल्लागारांस तर ते अत्यंत जिव्हाळ्याचे होते. १८९३ मध्ये विद्यार्थिनी ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत अशी ओरड होऊन रानडे-भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले. त्या वादात कोणाची बाजू न्याय्य होती हा येथे प्रश्न नाही. आपल्या विषयापुरते इतकेच की, वादाचा सारा भर धर्मावर राहिल्यामुळे रमाबाईंनी आणलेली बालशिक्षणाची विद्या कोणी तपासलीच नाही. पुण्यातील विद्वानांनी किंडरगार्टनवर टीका केली असती तरी ते या विद्येच्या पथ्यावर पडले असते. तिच्याविषयी त्यांनी मौनच पाळले.

यानंतर जो दुवा जुळला तो सर्वस्वी निराळ्या जातीचा होता. त्यात प्रवास नव्हता, वर्गणी नव्हती, अध्यक्ष-चिटणीस नव्हते. केवळ पुस्तक होते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे बालकांचे घर, उघडले. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये झाले आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगभरच्या लोकांच्या हाती ते पडले. काठेवाडातील गिजुभाई बधेका हे त्यांपैकी एक. व्यवसायाने ते वकील. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या काळजीने मॉन्टेसरीकडे वळले, १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. गुजरात त्यांना ‘मूछाळी मा’, मिशा असलेली आई, म्हणून ओळखतो. १९२३ मध्ये त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीस संसार केला, तो मोडला. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयात त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. मातृभाषा मराठी, कार्यभाषा गुजराती आणि ग्रंथभाषा इंग्रजी, असा त्यांचा त्रैभाषिक व्यवहार होता. त्यांच्या परिभाषेचे स्वरूप समजण्यास हा व्यवहार ध्यानात घेणे अवश्य आहे. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. संघाच्या या नावात मॉन्टेसरी हे नाव नाही. ‘नूतन’ हे विशेषण आहे, आणि ते नुसते शोभेचे नसावे. १९२१ मध्ये कॅले येथे ‘न्यू एज्युकेशन फेलोशिप’ ही आंतरराष्ट्रीय संघटना निघाली होती आणि ‘नवे शिक्षण’ हा त्या दशकातील सुधारकांचा परवलीचा शब्द होता. एका व्यक्तीच्या पद्धतीशी निष्ठा जाहीर करण्यापेक्षा एका व्यापक चळवळीत आपली गणना व्हावी, असा कल या नावामागे असावा असे मला वाटते.

ही निवड पुढे महत्त्वाची ठरली. १९२९ मध्ये डेन्मार्कमध्ये आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी संघटना निघाली आणि पद्धतीच्या शुद्धतेची राखण हे तिचे एक प्रधान कार्य झाले. शिक्षिकांचे अभ्यासक्रम डॉ. मॉन्टेसरींनी वा त्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीनेच चालवावयाचे, साधने ठराविक मापाची असावयाची, आणि ज्याने अभ्यासक्रम पुरा केला त्यास मुले शिकविण्याचा अधिकार. इतर शिक्षक घडविण्याचा नाही. या नियमांमागे कारणे होती. नावाचा वाटेल तसा वापर होत होता व भलतीच खेळणी त्या नावावर खपत होती. पण भावनगरच्या मंडळींनी स्वतः वाचून, स्वतः करून पाहून, गुजरातीत व मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवून शेकडो शिक्षकांपर्यंत जे पोहोचविले, ते या नियमांच्या दृष्टीने बिनपरवान्याचे होते.

दैवयोग असा की, गिजुभाईंची आणि डॉ. मॉन्टेसरींची भेट झालीच नाही. गिजुभाई २३ जून १९३९ रोजी वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून डॉ. मॉन्टेसरी मद्रासला अड्यार येथे आल्या. पहिल्याच अभ्यासक्रमास सुमारे तीनशे विद्यार्थी होते. मुक्काम थोडक्या काळाचा ठरला होता. महायुद्धाने तो लांबविला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच त्या शत्रुराष्ट्राच्या प्रजाजन ठरल्या, आणि त्यांचे पुत्र व सहकारी मारिओ यांना अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, मातेच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्यांची सुटका झाली. त्या नगरच्या छावणीची आठवण आपल्याकडे बालशिक्षणाच्या संदर्भात कोणी काढत नाही.

या अभ्यासक्रमांची भाषिक बाजू विशेष लक्षणीय आहे. डॉ. मॉन्टेसरी इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ वाक्यागणिक इंग्रजी करीत. मराठी, गुजराती, तमिळ शिक्षिकांनी टिपणे घेतली ती मारिओंच्या इंग्रजीची, आणि गावी परतून शिकविले ते आपापल्या भाषेत. एका विचाराने दोन भाषांतरे ओलांडल्यावर त्यात काय उरते? पुष्कळच उरले, असे दिसते; कारण इटालियन शब्दांचे जडत्व वाटेत गळून गेले. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. ‘द अॅब्सॉर्बंट माइंड’ हा डॉ. मॉन्टेसरींचा उत्तरकालीन प्रमुख ग्रंथ अहमदाबादेस दिलेल्या व्याख्यानांतून तयार झाला व १९४९ मध्ये अड्यारहून प्रसिद्ध झाला. वयाच्या पहिल्या तीन वर्षांकडे त्यांचे लक्ष या मुक्कामात अधिकाधिक वळले, हे त्यांच्या चरित्रकारांनाही मान्य आहे. १९४९ नंतर डच शिक्षक ए. एम. योस्टन हे त्यांचे प्रतिनिधी म्हणून भारतात अभ्यासक्रम चालवीत राहिले. आपल्या शहरांतून ‘मुलाला मॉन्टेसरीत घातले’ असे जे म्हटले जाई, त्यातील मॉन्टेसरी हे विशेषनाम सामान्यनाम बनले ते या सुमारास. फ्रोबेलच्या शब्दाचे तर नशीब याहून खडतर : ‘के.जी.’ या दोन अक्षरांत आता ना मूल दिसते ना बाग.

१९४८ मध्ये प्राग येथे शिशुशिक्षणाची जागतिक संघटना स्थापन झाली. स्वीडनच्या आल्व्हा मिरडाल तिच्या पहिल्या अध्यक्षा. युद्धाने पोरक्या झालेल्या युरोपातील मुलांचा प्रश्न तिच्यापुढे होता. आपल्याकडे पूर्वप्राथमिक शिक्षणाची अखिल भारतीय संघटना १९६४ मध्ये निघाली. या संघटनांच्या ठरावांपेक्षा ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर) टोकास जे चालले होते ते अधिक मोलाचे होते, असे माझे मत आहे.

१९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे गेल्या. त्यापूर्वी दादरच्या शिशुविहारात त्यांचे काम नीट चालले होते. पण ते मध्यमवर्गाच्या मुलांपुरते होते, आणि गांधीजींच्या प्रेरणेने सेवाग्रामला पूर्व-बुनियादी शिक्षणाचा जो विचार सुरू झाला होता त्याने खेड्याचा प्रश्न पुढे आणला होता. बोर्डीस त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बोर्डी हेही थळासारखेच किनाऱ्याचे गाव. तेथेही वाडी म्हणजे बाग, फक्त नारळी-पोफळीपेक्षा चिकूची अधिक. येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची बालवाडी निघाली. गावातील सुस्थित घरांची मुले येऊ लागली; दलित वस्तीतील मुले येईनात. त्यांना आणावयास माणूस पाठवून पाहिले, पण उपयोग होईना. तेव्हा बालवाडीच उचलून त्या वस्तीतील एका अंगणात नेली. बालवाडी अंगणात गेली म्हणून ती अंगणवाडी झाली.

या समासाकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘किंडरगार्टन’, ‘कासा देई बांबिनी’, ‘बालमंदिर’, ‘शिशुविहार’, ‘बालवाडी’ या सर्व नावांत मूल आहे. ‘अंगणवाडी’त मूल नाही, त्याची जागा स्थळाने घेतली आहे. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तेथील मुले गुरे राखत, म्हणून शाळा कुरणावर गेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द झाला, घडण तीच. मूल कोठे आहे हे आधी पाहावे आणि शाळेने तेथे जावे, हा जो क्रम, तोच या समासांच्या पूर्वपदात उतरला आहे. अंगण ही रिकामी जागा नव्हे, हे थळच्या कोळीवाड्यात पाहणाऱ्यास सांगावयास नको. तेथे सुकट वाळते, जाळी दुरुस्त होतात, धाकटे भावंड मोठ्या बहिणीच्या कडेवर असते. अंगणात शाळा भरविणे म्हणजे आईच्या कामाच्या ठिकाणी शाळा भरविणे होय.

आता रोमची आठवण करावी. सान लोरेंझोचे ते बालगृह मजुरांच्या चाळीतच होते. आईबाप कामावर गेल्यावर मुले भिंती खराब करतात म्हणून इमारतीच्या चालकांनी तेथेच एक खोली दिली होती, आणि शाळा घरात आली या गोष्टीचे डॉ. मॉन्टेसरींना स्वतःला मोठे अप्रूप होते. पुढे प्रमाणित साधने आणि प्रमाणपत्रे यांच्या वाढीत ती चाळ मागे पडली. बोर्डी-कोसबाडला लाकडी ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, माती आणि बांबू वापरले गेले म्हणून त्या कामास ‘स्वस्तातील मॉन्टेसरी’ म्हणणारे होते. मला हे उलटे दिसते. १९०७ च्या चाळीशी नाते जुळते ते अंगणाचे. शहरातील पॉलिश केलेल्या साधनांचे नव्हे. कोणाचा परवाना न घेता, एकच अडचण दोन ठिकाणी दोघींना भेटली आणि दोघींनी शाळेची जागा बदलली. व्यावसायिक संबंध म्हणतात तो याहून निकटचा कसा असणार? वारली मुलांची बोली आणि शाळेची मराठी यांतील अंतराचा प्रश्न मात्र या साम्यात बसत नाही. तो कोसबाडचा स्वतःचा होता आणि रोमकडे त्याचे उत्तर नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. ताराबाई त्याआधी दोन वर्षे, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, निवर्तल्या होत्या. शब्द देशभर गेला. हिंदी प्रदेशात कोठे ‘आंगनवाड़ी’ तर कोठे ‘आंगनबाड़ी’ लिहितात. बंगालीत ‘बाड़ि’ हा सजातीय शब्द घर या अर्थाने घरचाच असूनही तेथे ‘अंगनओयाड़ि’ असे लिहून पश्चिमेकडील वकार जपला आहे. शब्द बाहेरून आला याची यापेक्षा निर्विवाद खूण कोणती? आज परदेशी अभ्यासक भारतातील शिशुशिक्षणावर इंग्रजीत लिहितात तेव्हा हा शब्द भाषांतर न करता वापरतात. फ्रोबेलच्या शब्दाने जर्मनीबाहेर जे केले त्याची ही धाकटी आवृत्ती म्हणावी लागेल.

परंतु शब्द गेला तेव्हा त्याच्याबरोबर दुसरा एक शब्द जावयास हवा होता, तो गेला नाही. रमाबाईंनी वर्गात बसून घेतलेली विद्या, भावनगरचे अध्यापन, अड्यारचे अभ्यासक्रम, कोसबाडची प्रशिक्षणे, या साऱ्यांचा एक समान आग्रह होता : लहान मुलांना सांभाळणे हे शिकून करावयाचे काम आहे आणि ते करणारी स्त्री शिक्षिका आहे. योजनेत पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी यांचा भार आला व शिक्षण त्यांपैकी एक बाब झाले. मराठीत त्या स्त्रीस ‘अंगणवाडी सेविका’ हे नाव मिळाले, आणि तिला मिळते त्यास ‘वेतन’ न म्हणता ‘मानधन’ म्हटले जाते. ‘सेवा’ हा शब्द आदराचा खरा; पण मोल ठरविण्याची वेळ आली म्हणजे हा आदर आडवा येतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या स्त्रियांना उपदानाचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांचे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले आहे. म्हणजे काम शिक्षणाचे आहे हे धोरणाने मान्य केले. करणारीचे नाव मात्र सेविका असेच आहे.

थळच्या बाजूस अंगणवाडीतील मुले तिला काय म्हणतात, हे मी मुद्दाम ऐकले आहे. ती ‘बाई’ म्हणतात. पुढे पहिलीत गेल्यावर प्राथमिक शाळेतील शिक्षिकेसाठीही त्यांच्याजवळ हाच शब्द असतो.